सायलेन्सर काढण्याआधी

बस जरा, तन्मेश. पाना माझ्याच हातात राहू दे.
सायलेन्सर काढायला दहा मिनिटं लागतात,
तेवढं ऐकून घे.

बाणस्तारीच्या पुलावर पहाटे चारला
रस्ता रिकामा असतो, म्हणतोस.
नसतो.
मिंगेल पदेर येतो सायकलवरून,
मागे पावांची टोपली, दिवा नाही,
नुसता भोंगा, पों पों.
तुझ्या इंजिनाच्या गर्जनेत
तो कुणाला ऐकू येणार?

वेग वाईट नाही रे. मलाही आवडायचा.
हे बोट बघ, अजून सरळ होत नाही.

रविवारी डिचोलीला चल.
बंद खाणीच्या पठारावर फ्लावियान चुन्याने ट्रॅक आखतो.
रीतसर परवानगी, फाटकाशी रुग्णवाहिका,
टेकाडं, वळणं, घोटाभर तांबडा चिखल.
हेल्मेट नसेल तर सख्ख्या भावालाही आत सोडत नाही.
समोरून कुणी येत नाही,
हीच त्या जागेची श्रीमंती.

पहिल्या फेरीत पडशील.
दुसरीत एक बारा वर्षांची पोर
तुझ्या तोंडावर चिखल उडवून पुढे जाईल.
घरी येताना चाळीसच्या वर जाणार नाहीस,
हात एवढे भरून आलेले असतील.

सायलेन्सर राहू दे जागेवर.
ब्रेक तेवढे घट्ट करतो, पैसे नकोत.
आणि पहाटे पुलावर जायचंच असेल
तर थांब तिथे, मिंगेलकडून पाव घे.
गरम असतो.