चौदा नंबरचा खांब

महिन्यातून एकदा, अमावास्येजवळच्या शनिवारी,
मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचा कागद येतो माझ्याकडे:
‘बागेतले एकोणीस दिवे साडेसात ते दहा बंद ठेवावेत.’
बावीस वर्षं वायरमन आहे रत्नागिरीत.
अंधार करायचा लेखी आदेश
त्याआधी कधी आला नव्हता.

पेटी उघडतो. मेन खाली ओढतो.
घसरगुंडी जाते, कारंजं जातं
(ते तसंही बंदच असतं),
उद्घाटनाची संगमरवरी पाटी जाते नावांसकट.
मग जरा वेळ काहीच नसतं.
खाली लाटा,
आणि कुणीतरी पोटरीवर मारलेला डास.

होडेकर सरांनी दुर्बीण घरी केली आहे,
ड्रेनेजच्या पाइपची.
आरसा सहा महिने घासत होते,
जेवायच्या टेबलावर, त्यावरून भांडणंही झाली.
तिकीट नाही.
फुकट म्हटल्यावर लोक आधी संशयाने येतात,
शेवटी काहीतरी विकतील, शक्तीच्या गोळ्या नाहीतर विमा.
सर फक्त म्हणतात, “पुढे या. नळीला हात नको.
श्वास घेतलात तरी चालेल.”

परवा रांगेत भाटकरांच्या कुंदाताई.
साडेसातीची सात सरलेली, अर्धं उरलेलं.
दर शनिवारी तेल, रुईच्या पानांची माळ.
ह्या सातांत नवरा गेला,
काजूची फॅक्टरी बंद पडली, जावई बोलेनासा झाला.
आज दुर्बीण कशावर लावलीय
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
डोळा टेकवला. सर म्हणाले, “हा शनी.”
त्या हलल्याच नाहीत.
तांदळाच्या कणीएवढा, कडं घातलेला,
झोळीतल्या पोरासारखा जरा कलता.
“एवढासाच?”
आणि खूप वेळाने,
“इतकं तेल मावलं कुठे ह्याच्यात?”
मागची पोरं हसली.
त्या नाही हसल्या.
पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या.

उठता उठता सरांनी पश्चिमेकडे हात केला.
“तो उजेड बघा. एलईडीवाल्या बोटी, चोरटी मासेमारी.
तेवढा नसता तर पाण्याला टेकेपर्यंत तारे दिसले असते.”
सगळे चुकचुकले. मीही.
त्या उजेडाखाली कुठेतरी माझा धाकटा आहे, रोहिदास,
तांडेल म्हणेल तेव्हा दोर ओढणारा.
त्याची मेन माझ्या पेटीत नाही.
आणि घरी आई
तो उजेड दिसला की मगच आडवी होते.

दहाला मेन वर.
“अरे!” होतं एकदम,
पांघरूण ओढल्यासारखं.
लोक चपला शोधतात, एकमेकांचे चेहरे बघून ओशाळतात,
अंधारात कोण कुणाच्या शेजारी उभं होतं ते आत्ता कळतं.

अठरा पेटतात.
चौदावा नाही. कठड्याकडचा, समुद्राच्या बाजूचा.
गणपतीपासून तीन तक्रारी आहेत त्याच्या.
वहीत लिहिलंय मी: ‘सुटा भाग उपलब्ध नाही.’
भाग माझ्या डब्यात आहे,
खोक्यातून काढलेलासुद्धा नाही.

सगळे गेले की त्याच्याखाली उभा राहतो.
माडांच्या वर मृग चढलेला असतो, बाण रोवलेला,
आणि पाण्यावर तो पांढरा डाग,
आज नेहमीपेक्षा जरा दक्षिणेला सरकलेला.
मान इकडे, मान तिकडे.
एका खांबाएवढा अंधार
तेवढ्याला पुरतो.