अंगठा

बावीस वर्षं माझा चेंडू उजवीकडे जातो.
निघतो सरळ, शहाण्या पोरासारखा,
मग अर्ध्या वाटेत काहीतरी आठवल्यासारखा वळतो
आणि कुंपणापलीकडे, शेजारच्या मेंढ्यांत.
मेंढ्या आता मान वर करूनही बघत नाहीत.

माझा उपाय सोपा :
पाय रोवायचे डावीकडे,
त्या जुन्या सायप्रसशीच वैर असल्यासारखे,
आणि मारायचं.
चेंडू गवताच्या मध्यावर कुठेतरी पडतो.
दोन चुकांची बेरीज कधी कधी बरोबर येते.

साउथलँडातलं आमचं मैदान नऊ खड्ड्यांचं.
फाटकाशी पत्र्याची पेटी, तीत पंधरा डॉलर टाकायचे.
बघायला कोणी नसतं, म्हणून सगळे टाकतात.
मी पहाटे तीनपासून दुधाचा टँकर चालवतो,
बुधवारी दुपारी इथे येतो.
पाऊस नसला तर.

व्हर्नन होता तेव्हा त्याचा चेंडू डावीकडे जायचा.
टीवर भेटायचो,
मग तो त्याच्या झाडांत, मी माझ्या मेंढ्यांत,
आणि पुन्हा ग्रीनवर.
इतक्या वर्षांत चालता चालता झालेलं आमचं बोलणं
एका जेवणालाही पुरलं नसतं.
त्याला जाऊन चार हिवाळे झाले.

साठीला लेकीनं, ब्रॉन्विननं, पाकीट दिलं :
तीन धडे, इन्व्हरकार्गिलला, खऱ्या प्रोकडून.
महिनाभर ते टँकरच्या काचेपाशी ऊन खात पडलं.
बायको म्हणाली, जाऊन तर ये.
पबमधला डंकन म्हणाला,
दात दुखत नसताना दाताच्या डॉक्टरकडे कोण जातं?
मला भीती वेगळीच होती.
या खेळात मी अंगठाछाप, हे मला ठाऊक आहे;
पण कुणी पट्टी लावून दाखवलं
की बावीस वर्षं मजा आली तीही चुकीच्या पद्धतीनं,
तर ती परत कशी करायची?

प्रो म्हणजे मेरेआना, पंचविशीची, बुटांना चिखल.
फोन तिकाटण्यावर लावून तिनं मला मागून टिपलं.
पडद्यावर एक माणूस होता,
कोपर बाहेर, मान खांद्यांत खुपसलेली.
हे तर आमचे वडील,
बटाट्याच्या वाफ्यात, कुदळ उचलताना.
मी बोललो नाही.

किती वेळा खेळता? तिनं विचारलं.
बुधवारी. पाऊस नसला तर.
ती जरा वेळ लांबच्या जाळीकडे बघत राहिली.
मग सगळं नको मोडूया, म्हणाली.
तिनं अंगठा मागितला नाही.
डाव्या हाताचा, फक्त, जवभर उजवीकडे सरकवला.

गेल्या बुधवारी पहिल्या टीवर
अंगठा नवा, पाय मात्र जुनेच.
चेंडू निघाला सरळ आणि सरळच राहिला,
कधी न ऐकलेला आवाज करत
थेट सायप्रसच्या पोटात.
मेंढ्यांनी मान वर केली.

त्या झाडाखाली मी कधी गेलोच नव्हतो.
काळोख, ओला वास, सशांच्या लेंड्या.
माझा चेंडू सापडला नाही.
सापडले दुसरे सात, शेवाळलेले,
त्यांतल्या चारांवर निळ्या शाईत 'व्ही'.
गुडघे टेकून मी तिथे बराच वेळ होतो.
मागची जोडी ओरडली, सापडला का?
म्हटलं, हो.

एक पँटला पुसला, टीवर परत आलो,
अंगठा जुन्या जागी ठेवला आणि मारला.
गेला तो उजवीकडे, कुंपणापलीकडे,
व्हर्ननचा कुठलाच चेंडू
कधी गेला नव्हता तिकडे.

दोन धडे अजून शिल्लक आहेत.
पुढच्या वेळी पायांचं बघू, म्हणालीय ती.
जाईन बहुतेक.
बुधवार सोडून.