काच फुटलेली नाही

पर्वरीच्या आमच्या कॉलनीत चोर काच फोडत नाही.
रांगेनं जातो, हँडल ओढून बघतो,
उघडलं तर उघडलं, नाही तर पुढची गाडी.
कामत म्हणतात, एवढा शिस्तीचा माणूस
पंचायतीत हवा होता.

या महिन्यात लोटलीकरांचा गॉगल गेला,
फिलोमेनाबाईंची छत्री,
आणि सावर्डेकर डॉक्टरांच्या मागच्या सीटवरून
दोन डझन मानकुराद.
त्याचं मात्र सगळ्यांनाच खरं दुःख झालं.

माझ्या गाडीतून गेली पार्किंगची चिल्लर,
चार्जर, मुलीचा टिफिन, त्यात कालचा अर्धा पराठा.
राहिलं ते बांबोळीचं पिवळं पाकीट,
सीटखाली मीच सरकवून ठेवलेलं.
घरात ठेवलं असतं तर बाबांच्या हाती लागलं असतं.
बाबांना आम्ही सांगितलं होतं,
कफ आहे छातीत, जुना.
बरं, म्हणाले होते.

गाडी मी लॉक केली होती.
हवालदार गावस म्हणाला, सगळे असंच म्हणतात.
'काच फुटलेली नाही' असं लिहून
त्यानं खाली रेघ ओढली.

संध्याकाळी कामतांनी कॅमेऱ्यातलं फुटेज आणलं.
आम्ही सातआठ जण एका फोनवर वाकलो.
तीन वाजून दहा मिनिटांनी तो येतो.
पोरगाच आहे. टोपी. पाय अनवाणी.
एक हँडल, दुसरं, तिसरं,
माझं उघडतं.
कुत्रीसुद्धा मान वर करत नाहीत.

थांबा, मागे घ्या, लोटलीकरीण म्हणाली,
याच्या आधी कुणीतरी आहे.

दोन वाजून सतरा.
लुंगी, बनियन, हातात चावी.
आधी उलटी लावतो, मग सुलटी.
आत बसत नाही. वाकतो, सीटखाली चाचपतो,
सरळ होताना दार धरून उभा राहतो जरा
(खोकत असावा, फुटेजला आवाज नव्हता)
मग खांबावरच्या दिव्याखाली जाऊन
पाकिटातला कागद तसाच ठेवून
फक्त काळी फिल्म काढतो,
दोन्ही कोपरे चिमटीत,
हात पूर्ण लांब.

भूमापन खात्यात तीस वर्षं
ट्रेसिंग असंच धरायचे उजेडासमोर,
कुणाचा बांध रात्रीतून
किती सरकला ते बघायला.

चार मिनिटं. कामतांनी ती पळवली.
मग फिल्म पाकिटात, पाकीट सीटखाली,
दार लोटलं, नुसतंच लोटलं.
रिमोटचं बटण त्यांना कधी जमलं नाही.

हा त्याच टोळीतला, कामत म्हणाले,
आधी पाहणी करून गेला बघा.
कुणी म्हणालं, वय झालेलं दिसतंय.
कुणी म्हणालं, यांचं काय सांगावं.
फिलोमेनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं
आणि चष्मा काढून
फ्रॉकच्या टोकानं पुसत राहिल्या.

ओळखता?
नाही, मी म्हटलं.

रात्री पेज, तोरांचं लोणचं.
काय काय गेलं, बाबांनी विचारलं.
चिल्लर. चार्जर. टिफिन.
एवढंच?
एवढंच.
बरं.

पेजेतली चार शितं बोटानं
ताटाच्या कडेला नीट लावली त्यांनी,
आणि वर न बघता म्हणाले,
ते बटण कुठलं दाबायचं
दाखव मला एकदा.

आत्ता?

आत्ताच. पुन्हा उघडी राहायला नको.

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला,
एरवी कठडा धरतात.
समोर कामतांच्या कॅमेऱ्याचा
लाल ठिपका चालू होता.