मारुतीच्या कुठवर

सातपूरच्या आमच्या टाइम ऑफिसात
सव्वीस वर्षांचे रजेचे अर्ज होते,
बिस्किटांच्या खोक्यांत, सुतळीने आवळलेले,
कडेकडेने उंदरांनी थोडी वजाबाकी केलेली.

पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, मॅडम,
हे सगळं स्कॅन करा. मशीन वाचेल, शिकेल,
आणि एप्रिलपासून रजा तीच देईल.
ती म्हणजे ‘मैत्री’.
मोबाईलवरचा एक गोल, हसरा चेहरा,
ज्याला घरी कुणी आजारी नाही.

रोज दोनशे कागद मी काचेवर पालथे घातले,
झोपलेल्या मुलांची कूस बदलावी तसे.
वाचायचं नाही, असं ठरवलं होतं.
वाचलंच.

चिंधा गावित, प्रेस शॉप:
‘बायको माहेरहून येत नाही म्हणते. दोन दिवस द्यावेत.
आली तर एकच.’
अन्वर पटवेकर: ‘दाढ.’
एवढंच. खाली तेव्हाच्या साहेबांची लाल शाई: ‘कुठली?’
गांगुर्डे, पेंट शॉप: ‘मुलगा दहावी पास झाला म्हणतो,
शाळेत जाऊन बघून येतो.’
मंजूर. खाली माझी सही, तेव्हाची,
लांब शेपटीची.

आणि लोंढे. त्याचे सासरे तीनदा वारले.
तिसऱ्यांदा खरोखर.
तेव्हा आम्ही दिली नव्हती.
तो कागद काचेवर ठेवताना
झाकण मी जरा जास्तच दाबून धरलं.

संध्याकाळी मशीन आपली वाटणी दाखवायची:
आजार, लग्नकार्य, मयत, वाहन बिघाड, इतर.
दिनकर शेवरे, पंचवटी, ऑगस्टातला अर्ज:
‘मारुतीच्या छातीला लागलंय. येणं होत नाही.’
मैत्रीने लिहिलं, वाहन बिघाड.

असे एक्केचाळीस निघाले.
कमरेचे, छातीचे, गळ्याचे.
एक्केचाळीस मारुती गाड्या बंद पडलेल्या,
सगळ्या एकाच घाटावर, एकाच आठवड्यात!
आणि ही माणसं तर सायकलवर यायची,
डबा हँडलला लटकवून.

मी हसले. मग मुलाला सांगायला गेले,
तर तो म्हणाला, करेक्शनच्या चौकटीत टाका.
चौकटीत एकशे साठ अक्षरं मावत होती.
मी लिहिलं:
‘दुतोंड्या मारुती. गोदेच्या पात्रात उभा असतो.
पूर त्याच्या अंगावर मोजतात.
घोट्याला: या. कमरेला: विचारा, कुठवर चढेल.
गळ्याला: मंजूर, काही विचारू नये.’
अकरा अक्षरं उरली. त्यात काय लिहावं सुचेना.

मार्चअखेर माझं टेबल हललं.
डिस्पॅचच्या कोपऱ्यात मी आता डेटा सहायक,
पगार तोच, काम रोज चिमूटभर कमी.
माझ्या जुन्या खिडकीला काळी काच बसली,
तिच्यात ज्याचा त्याचा चेहरा दिसतो
आणि त्या चेहऱ्यालाच हजेरी लागते.
सवयीने कुणी तिथे वाकून म्हणतं, ‘बाई, जरा ऐका ना,’
काच म्हणते, कृपया सरळ पाहा.

ऑगस्टात गंगापूर धरणाचं पाणी सोडलं.
दोन दिवसांनी शेवरेचा नातू आला,
कंत्राटी, बावीस वर्षांचा, पँटला अजून गाळ.
‘मॅडम, हिला हे कसं काय कळतं?’
त्याने मोबाईल पुढे धरला.
वर त्याचा निरोप: ‘मारुतीला लागलंय.’
खाली मैत्री: ‘कुठवर?’

मी चष्मा कपाळावर सरकवला.
माझाच प्रश्न होता, माझ्याच तऱ्हेने टाकलेला,
फक्त आधीचा खोकला नव्हता.

‘मग तू काय लिहिलंस?’
‘खांद्याला.’
‘आणि ती?’
‘लगेच मंजूर. वर म्हणाली, सामान माळ्यावर टाका.’

तो गेला. मी बसून राहिले.
घोटा मी शिकवला होता, कंबर, गळा.
खांदा शिकवला नव्हता.