चौथी खोली

गगनबावड्याच्या वाटेवर, गढीच्या मागच्या उतारावर
चुन्याची फक्की टाकत मी खोल्या पाडते.
भिंती मेंदीच्या. छत कुणाचंच नाही.

एक तांबडी: जास्वंद, पांगारा, कर्दळ.
एक पांढरी: अनंत, कुंद, कोपऱ्यात तगर.
गडी हसतात, "तांबडा-पांढरा झाला की,
बाई, जेवायला कधी?"

तिसरी वासाची. दस्तगीरचाचा
नकाशा उलटा धरून बराच वेळ बघतो.
"मरवा हितं नको. वारं वरनं येतंय,
वास समदा खालच्या वाडीला फुकट."
मी मरवा खोडते.
वारं माझ्या कागदावर नव्हतंच.

चौथीला नाव सुचत नाही.
इथं हत्ती बांधायचे. दगडात अजून कडी आहे,
आणि कडीभोवती एक खळगा,
पाय घासून घासून पडलेला.

मालक म्हणाले, कडी उपसा, कारंजं बसवा.
चाचा काही बोलला नाही.
संध्याकाळी बघते तर खळग्यात पाणी,
काठावर सातभाई, मोजले तर पाच,
पंख झाडत, भांडत.

चौथी खोली मी कोरीच ठेवली.
फक्त दार काढलं, रुंद,
हत्ती निघून जाईल
एवढं.