धागा बघ

पट्टे आवळ, तौत्विदास. अजून.
श्वास घेताना खुपले पाहिजेत.
समोर काचेवर चिकटपट्टीने लावलाय तो लाल धागा,
लोकरीचा, वीतभर,
या ग्लायडरमधलं सगळ्यात स्वस्त यंत्र.
बाकीचे काटे उशिरा बोलतात, कधी खोटंही;
हा वाऱ्याचा चाकर, याला खोटं येत नाही.
शेपूट डावीकडे गेलं, उजवा पाय.
उजवीकडे गेलं, डावा.
डोकं लावू नकोस. पाय लाव.

वेलोनिसने विंच ओढली की पाठीत लाथ बसेल.
राईचं शेत तिरकं होईल,
नेमुनास नदी पायाखालून मागे जाईल,
आणि चारशे मीटरवर
खट्ट.

सुटला दोर.
इंजिन तर नव्हतंच.
लोक याला वाऱ्यावर सोडणं म्हणतात,
आमच्या धंद्यात सुरुवात म्हणतात.

आता ऐक. आपण पडतोय.
दोर सुटला त्या क्षणापासून पडतोय.
नीट, सावकाश, शिस्तीत पडणं, त्यालाच उडणं म्हणायचं.
किलोमीटरभर उंची खर्च केली
तर अठ्ठावीस किलोमीटर वाट मिळते.
माझ्या पगारात एवढं कधी मिळालं नाही.

ते करकोचे बघ, कोल्खोझच्या वीटभट्टीवर,
पंख न हलवता गोल गोल चढताहेत.
तेही पडतातच,
फक्त त्यांच्याखालची हवा त्यांच्याहून घाईत वर निघालीय.
चल, बसू त्यांच्या पंगतीत.
त्यांच्याच दिशेने वळ. उलटं वळणाऱ्याला ते टोचून खातील,
आणि मग मी.

शाळेत सांगितलं असेल तुला:
पंखाच्या धारेशी हवा दुभंगते,
वरचीला वाट लांबची, म्हणून ती धावते,
कारण खालच्या जोडीदाराला
मागच्या टोकाशी गाठायचं असतं.
गोष्ट छान आहे. खोटी आहे.
मी वाऱ्याच्या बोगद्यात धुराच्या रेघा सोडून पाहिल्यात.
वरची आधीच पोचते, आणि थांबत नाही.
धारेशी ताटातूट झालेली माणसं
(हवा म्हणायचं होतं मला)
पुन्हा भेटत नाहीत.
पंख हवेला खाली वळवतो,
हवा पंखाला वर रेटते,
पाठीवर दाब कमी, पोटाखाली जास्त.
त्यासाठी कुणी कुणाला भेटावं लागत नाही.

हा धागा माझ्या बहिणीने विणलेल्या हातमोज्याचा.
एक पुरा झाला होता, दुसऱ्याचा अंगठा राहिला होता.
चव्वेचाळीसच्या शरदात ती पश्चिमेच्या गाडीत चढली,
मी घोड्याला पाणी दाखवायला मागे राहिले.
वळून बघू नकोस माझ्याकडे. धागा बघ.

आता नाक उचल.
अजून.
वाटतंय ना, चढतोयस? सगळ्यांनाच वाटतं.
कान दे. वाऱ्याची शीळ बारीक झाली.
दांडा बघ, लोण्यात फिरवल्यासारखा.
ही थरथर पंखाची आहे, तुझी नाही,
पाठीवरून हवेची पकड सुटत चाललीय.
आणि तुझा हात? मागे ओढतोय.
माझाही ओढायचा.
जमीन डोळ्यांत भरली की माणूस
असेल तेवढ्या उंचीला कवटाळतो,
आणि तिच्यासकट जातो.

पुढे! दांडा पुढे दे!
उंची सोड, वेग घे,
पोटात गोळा येईल, येऊ दे…
हं.
आली शीळ.
आता हळूच ओढ.
पंखाने हवा धरली.
बघ, धागा कसा सरळ.

उतरल्यावर दार लावायच्या आधी
धाग्याचं टोक तपास, विसरलंय म्हणशील.
उन्हाने झिजतो, दर हंगामाला एक लागतो.
अंगठा नसलेला तो मोजा
उसवत उसवत मनगटाशी आलाय,
अजून चार उन्हाळे पुरेल.
पुढे तुझ्या घरून आण काहीतरी.
लाल हवं. आकाशात लाल चटकन दिसतं.