अर्थिंगला पाणी

अॅम्प्लिफायरच्या मागं भोकांच्या चार जोड्या.
फोनो, टेप, ट्यूनर, आणि चौथी ऑक्स,
जिच्यात एकोणचाळीस वर्षांत
काय ते कोळ्यानंच घर केलं होतं.
फुंकर मारून त्याला काढला.
लाल भोकात लाल, पांढऱ्यात पांढरी.
एवढ्यात पाठ धरली.
डबी पानाच्या डब्याएवढी,
भाचा इंदल पुसदहून घेऊन आला.
तिच्यात म्हणे चाळीस हजार स्टेशनं.

"चाळीस हजार," वच्छला म्हणाली,
"आन् आयकनारे आपन दोघं."

पहिल्यांदा लावलं तर नुसती घूं.
भुंग्यासारखी नाही. सबस्टेशनातल्या
त्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरसारखी,
ज्याच्या शेजारी मी सत्तावीस वर्षं डबा खाल्ला.
ओळखीची निघाली म्हणून दोन मिनिटं बसून ऐकली.
मग वायरी बदलल्या. प्लग उलटा करून पाहिला.
किसन बावण्यानं बनवलेल्या सागवानी पेट्या
भिंतीपासून हातभर सरकवल्या.
घूं तशीच.

वच्छलानं न विचारता
तांदूळ धुतलेलं पाणी मागच्या दारी
अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं.
होळीपासून कोरडा होता तो.
मीठ-कोळशानं ते चुरचुर करत पिऊन टाकलं,
आणि इकडे खोलीत
घूं उतरत गेली.
ट्रिप झाल्यासारखी एकदम नाही,
लोड कमी होत जावा तशी.

लॉगबुकात सत्तावीस वर्षं
'अर्थिंग तपासली' असं लिहिणारा मी
काही बोललो नाही.
तीही नाही. पातेलं जरा जोरात ठेवलं, एवढंच.

मग बटण फिरवलं.
उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावर
एक बाई समुद्राची हवा सांगत होती.
शब्द एक कळेना. आकडे असावेत.
थांबून थांबून,
आपल्याकडे सांजेला शेळ्या मोजतात तशी.
बाहेर सेहेचाळीस. कूलरच्या टाकीत बोटभर पाणी.
तिच्या मागं कुठंतरी दार लागलं,
इतकं स्वच्छ, की वच्छलानं आमचं दार पाहिलं.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.
तरी तिसऱ्या रात्री काहीतरी चुकायला लागलं.

अकराला शेतातली थ्री-फेज येते.
आली की जुन्या ट्यूनरवर, मीडियम वेव्हमध्ये,
तडतड उठायची.
आधी देवराव आत्राम, त्याचा स्टार्टर तीनदा चरचरतो.
मग नाल्यापलीकडची सिंधूबाई, एकच झटका.
शेवटी कवडू, ज्याचा कपॅसिटर मी दोनदा बदलून दिला
आणि ज्याची मोटर तरीही
शिव्या दिल्यासारखी सुरू होते.
गाणं बुडायचं. मी चिडायचो.
पण डोळा लागायच्या आत गाव मोजून व्हायचं.
आणि महागावच्या डोंगरापलीकडं वीज पडली,
तर ती अंगणाच्या आधी रेडिओत पडायची.

नव्या डबीला यातलं काही ठाऊक नाही.
टॉवर गेला तर ती खरखरत नाही.
पडद्यावर एक गोल फिरत राहतो,
आणि खोलीत एवढं चिडीचूप
की पालही बोलायची थांबते.

इंदल म्हणाला, "मामा, जुनं भंगारात टाका.
डायलचा दोरा तं कधीचा तुटला."
दोरा मी मासोळीच्या गळाचा ओवला.
सुई आता नागपूरच्या पुढं
बोटभर जाऊन उभी राहिली
की नागपूर लागतं.
मला माहीत आहे, तिलाही.

सिलेक्टरची खुंटी सांजेला ऑक्सवर:
बेटावरची बाई, तिची दारं, तिची थंडी.
वच्छलानं तिला नाव ठेवलंय, मास्तरीण.
हजेरी झाल्याबिगर उठू देत नाही म्हणे.
अकरा वाजता खुंटी एक घर डावीकडं.

काल थ्री-फेज आली.
आत्राम, तीनदा. सिंधूबाई.
मग बराच वेळ काही नाही.
मी आवाज थोडा वाढवला.

"कवडूचा कपॅसिटर गेला वाट्टे,"
अंधारातून वच्छला म्हणाली,
"सकाळी जाऊन येजा."